शेहेचाळीस पौंड, पास

आधी मुद्द्याचं सांगतो, कारण चार वर्षं उलटंच ऐकून माझं डोकं उठलं आहे. ओमानमधल्या बरका गावच्या किराणा दुकानदाराने ते प्रमाणपत्र बनावट केलेलं नाही. ते मी दिलं होतं. फॉर्म माझ्या टेबलावरचा, अक्षर माझं, शिक्का मीच मारलेला, आणि धनुष्याच्या मुठीवर हिरवं स्टिकर चिकटवणारा हातही माझाच.

हा दुकानदार रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ. मी मस्कतमधल्या वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम केलं. प्रेशर गेज, वजनकाटे, क्रेनचे हूक. यंत्र मोजायचं, बरोबर असेल तर हिरवं स्टिकर, चूक असेल तर लाल. तीस वर्षं दुसरं काही केलं नाही. भाईचा काटा मी दर वर्षी तपासायचो, त्यातून ओळख झाली.

भाईच्या ओळखीचा एक परदेशी इंजिनियर ओमान सोडून जाताना घरातलं सामान वाटत होता. कुणाला सोफा मिळाला, कुणाला मायक्रोवेव्ह. भाईच्या वाट्याला धनुष्य आलं. खरं, शिकारीचं, सहा बाणांसकट. दुसरा कोणी असता तर ते भिंतीवर लटकवून मोकळा झाला असता. भाईने ते गाडीत घातलं आणि थेट माझ्या वर्कशॉपच्या दारात आणलं.

"भाऊ, हे मोजून दे."

"काय मोजू? लांबी?"

"जोर. तो साहेब सांगत होता, त्यांच्याकडे डुकराच्या शिकारीला कायद्याने अमुक पौंडाचं धनुष्य लागतं. त्याच्या खाली चालत नाही. हे किती पौंडाचं, सांग."

"तुला डुकराशी काय करायचंय?"

"मला खायचाय थोडाच? तौबा! पण रानडुक्कर गावी माझ्या भावाची केळी खातो, नाचणी खातो, कणगरांचे कंद उकरून खातो. रानात चाळीस आहेत. फटाके लावले, साड्या बांधल्या, रेडिओ लावून ठेवला. रेडिओ ऐकत ऐकत खातात आता."

मी हसलो आणि धनुष्य आत घेतलं. पहिली चूक तिथेच झाली, पण ती माफ करण्यासारखी होती.

मोजणं अवघड नसतं. धनुष्य पक्कं अडकवायचं, दोरीला ताणकाटा लावायचा आणि दोरी पूर्ण मागे ओढली की काटा किती दाखवतो ते बघायचं. तोच धनुष्याचा जोर. मी दोरी अठ्ठावीस इंच ओढली, कारण सगळीकडे तेवढीच धरतात. काट्यावर शेहेचाळीस पौंड आले. तीनदा मोजलं, तीनदा तेवढेच.

इथपर्यंत मी खरं काम केलं. मग फॉर्म समोर ओढला.

आमच्या फॉर्मवर तीन रकाने असतात. मोजलेलं, आवश्यक आणि निकाल. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही वर्कशॉपची शिस्त. मी नव्याने आलेल्या पोरांवर त्याच्यासाठी ओरडायचो. पहिल्या रकान्यात शेहेचाळीस लिहिलं आणि दुसऱ्यापाशी अडलो. आवश्यक किती? कुणाला आवश्यक? कुठल्या देशात? सरळ रेघ मारायला हवी होती. रेघ मारणं माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

फोन काढून शोधलं. एका परदेशी पानावर चाळीस होतं. दुसऱ्यावर पन्नास. तिसऱ्यावर लिहिलेलं की त्या देशात धनुष्याने शिकार करायलाच बंदी आहे. भारताचं मी शोधलंसुद्धा नाही. पन्नास धरलं तर लाल स्टिकर लागलं असतं, आणि भाई बरक्याहून एवढ्या उन्हात आला होता. मी चाळीस लिहिलं. निकालाच्या रकान्यात पास लिहिलं. शिक्का मारला.

"यल्ला, म्हणजे कायदेशीर झालं ना?" भाईने विचारलं.

"कागदावर आहे की," मी म्हणालो.

हे वाक्य आठवलं की अजूनही माझा मलाच राग येतो. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

धनुष्य भाईबरोबर गावी गेलं. त्याचा धाकटा भाऊ शेत बघतो. अंगाने लहानखुरा आहे, हात आखूड. त्याची ओढ चोवीस इंचांच्या पुढे जात नाही. ओढ कमी झाली की जोरही कमी होतो, ही माझ्या धंद्यातली पहिल्या वर्षाची गोष्ट. माझे शेहेचाळीस पौंड त्याच्या हातात फार तर छत्तीस-सदतीस भरले असतील. म्हणजे मीच लिहिलेल्या चाळीसच्याही खाली. धनुष्य ओढणार कोण, त्याची उंची किती, हे मी विचारलं नव्हतं. हूक तपासताना मी क्रेनवाल्याला शंभर प्रश्न विचारायचो.

एके दिवशी तिन्हीसांजेला डुक्कर केळीत शिरलं. भावाने शेतातल्या माळ्यावरून बाण मारला. बाण मागच्या फऱ्यात लागला पण खोल गेला नाही, आणि डुक्कर बाण घेऊनच रानात पळालं. सकाळी शेजारची बाई गवत कापायला गेली. जखमी जनावर झुडपात बसलेलं होतं. त्याने तिची मांडी फाडली. ती वाचली, पण अजून लंगडते. लोक या प्रकरणात कायदा, पौंड, शिक्का सगळ्यावर बोलतात. त्या बाईच्या पायाबद्दल मला चार वर्षांत एकानेही विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

वनखात्याचे लोक आले. भावाने मोठ्या विश्वासाने घरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं माझं प्रमाणपत्र आणलं आणि पुढे धरलं. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं.

"हे काय आहे?"

"परवाना, साहेब. ओमानचा. शिक्का बघा. चाळीस लागतं, आपलं शेहेचाळीस आहे."

"अहो, इथे पौंडांचा प्रश्न येतोच कुठे? रानडुकराला मारायचं तर आधी आमच्याकडे अर्ज करावा लागतो. नुकसान झालं तर पंचनामा करून भरपाई मागायची. धनुष्य चाळीसचं असो की चारशेचं, परवानगीशिवाय गुन्हाच."

एवढं साधं होतं. मला एक फोन करून कळलं असतं. पण मला फॉर्म भरायचा होता.

आता खरी गोष्ट. इतका वेळ मी चुका सांगितल्या. पुढचं आहे ती चूक नाही.

भावावर गुन्हा दाखल झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचा चहा होता, वादी कबीरमध्येच, एका सभासदाच्या घरी. पंधरावीस माणसं असतील. भाई प्रमाणपत्राचा फोटो फोनवर घेऊन आला. त्याचं म्हणणं साधं होतं. मी एक पत्र द्यावं की हा कागद मी दिला, भावाला तो खरा वाटला, त्याने फसवायचा प्रयत्न केला नाही. वकिलाने तेवढंच मागितलं होतं.

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. वर्कशॉपचा शिक्का खासगी वस्तूवर, तेही शिकारीच्या हत्यारावर मारल्याचं कळलं असतं तर त्याच दिवशी मला घरी पाठवलं असतं. समोर माझ्याच वर्कशॉपचा हिशेबनीस बसला होता, हातात ढोकळ्याची बशी. भाईने फोन पुढे केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "भाई, माझ्या टेबलावर कोरे फॉर्म पडलेले असतात. शिक्काही तिथेच असतो. तू मागच्या वेळी बराच वेळ एकटा बसला होतास."

मी त्याला चोर म्हटलं नाही. त्याची गरजच पडली नाही. एकाने घसा खाकरला. दुसरा म्हणाला, "अरे भाई, आमचं पण ड्रायव्हिंग लायसन्स करून दे की मग!" आणि लोक हसले. भाईने माझ्याकडे पाहिलं. "खलास," एवढंच बोलला, चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच राहिला.

तेव्हापासून आमच्यात तो विनोद चालू आहे. कुणाचं वीजबिल चुकलं, कुणाचं इकामा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड अडकलं की कोणीतरी म्हणतं, बरक्याला जा, भाई शिक्का मारून देईल. मी दर वेळी तिथे असतो आणि दर वेळी गप्प बसतो. निवृत्त झालो, तरी गप्पच. आता तर नोकरीही नव्हती जाण्यासारखी. मग कशाची भीती, हे स्वतःलाच विचारून विचारून मी वैतागलो आहे.

गेल्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की भाईच्या भावावर आता खोटा कागद वापरल्याचंही प्रकरण उभं राहतंय, पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी फोन सुनेकडे दिला आणि म्हणालो, यातून मला काढ. ती म्हणाली, "बाबा, ग्रुपमधून काढू की प्रकरणातून?" तिला सगळं ठाऊक नव्हतं. मी तिला त्या दुपारी सांगितलं. तिने माझा फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "शुक्रवारी बरक्याला चला."

मुलगा मला दुकानाशी सोडून मासळीबाजारात गेला. भाई काट्यावर डाळ मोजत होता. मला बघून त्याने मोजणं पूर्ण केलं, पिशवीला गाठ मारली, गिऱ्हाईक गेलं, आणि मग म्हणाला,

"काटा अजून बरोबर आहे. तपासायला आलास?"

मी घरून लिहून आणलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या वकिलासाठी एक प्रत, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला तोच मजकूर. भाईने चष्मा लावला आणि वाचत बसला. मी उभाच होतो. त्याने स्टूल पुढे केलं नाही.

"हे काय लिहिलंस? 'या प्रमाणपत्राबाबत काही गैरसमज झाले.'"

"म्हणजे..."

"कोणाला झाले? मला झाला? माझ्या भावाला झाला? तू खोटं बोललास, भाऊ. पंधरा माणसांत. तसं लिही."

"बरं."

"आणि हे 'अनवधानाने चाळीस हा आकडा लिहिला गेला.' कोणी लिहिला? फॉर्मने स्वतःच लिहिला?"

"मी लिहिला."

"मग मी लिही की! तीस वर्षं फॉर्म भरलेस, एवढं येत नाही?"

त्याने गल्ल्यातून पेन काढून दिलं. मी तिथेच, तांदळाच्या गोणीवर कागद ठेवून, दोन वाक्यं खोडली. लिहिलं की चाळीस हा आकडा मी लिहिला, तो कुठल्याही भारतीय कायद्यात नाही आणि मी तो तपासला नव्हता. फॉर्म भाईने घेतला नाही, मी भरला. त्या चहाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, नोकरी वाचवण्यासाठी. शेजारच्या बाईच्या पायाला माझा कागदही जबाबदार आहे, हे मी आपण होऊन घातलं. भाईने ते ओठ हलवत वाचलं आणि खोडलं नाही.

"आता टाक ग्रुपवर. माझ्यासमोर."

मी टाकलं. दोन मिनिटांत फोन खणाणू लागला. पहिला तो ढोकळेवाला हिशेबनीस. मी उचलला नाही. भाईने हात पुढे केला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"नाही, मी भाई बोलतोय, बरक्याहून. इथेच आहे तो. नाही, नाही, जबरदस्ती केली नाही कोणी. तुम्ही वाचा आधी नीट." आणि फोन ठेवून माझ्या हातात दिला.

"माफी?" मी विचारलं. विचारू नये, ते विचारलं.

"ती माझ्या भावाकडे माग. त्या बाईकडे माग. कागद वाचून कोर्टात काय होणार आहे? उद्या म्हणतील हाही कागद बरक्यातच बनवला. तारखेला स्वतः उभा राहा, तोंडाने सांग. येतोस का नाही, ते बोल."

"येतो."

"इन्शाल्ला-बिन्शाल्ला नको. येतो का?"

"येतो, भाई. तिकीट आजच काढतो."

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मुलाला फोन लावून विचारलं की रत्नागिरीला जायला सोयीचं विमान कुठलं.