बाभळीचं इंजिन

कुठल्याही गाडीजवळ आला की तो आधी टाकीवर तळहात ठेवायचा. म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा, दाबून, जरा वेळ. मग मान तिरकी करून म्हणायचा, "मला काय कळतंय? तुमी सांगा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला काही कळत नाही असं जो गावभर सांगत फिरतो, त्याच्यापासून सावध राहावं असं माझं मत आहे. तो आपल्याकडचं सगळं घेऊन जातो आणि आपल्याला वाटत राहतं, आपणच खुशीनं दिलं.

कनेरगाव नाक्यावर माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. तो जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. डॉक्टर सुई टोचणार, हा जनावर धरणार, जखमा धुणार, पट्ट्या बांधणार. सगळं गाव त्याला डॉक्टरच म्हणायचं. "मी डाक्टर न्हाई हो, ड्रेसर हाय," असं तो ज्याला त्याला सांगायचा, आणि त्यामुळे लोक त्याला जास्तच डॉक्टर म्हणायचे. सेनगावकडच्या एका तांड्यावरचा माणूस. "आमचे पंजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. माझ्या नशिबी बैलांचे खूर धुणं आलं," असं हसत सांगायचा. आमच्या घरासमोरच त्यानं भाड्यानं खोली घेतली होती. खोलीपुढं पत्र्याची पडवी, पडवीत एक बाज. बायको-लेकरं तांड्यावर.

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथंच आहे.

आबा सुतार. आयुष्यभर त्यांनी बैलगाड्या केल्या. मग टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले आणि आबांची हत्यारं पेटीत गेली. तेव्हापासून ते ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. बोलणं जवळजवळ बंद. माझ्याशी तर फारच. मी हिंगोलीला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकलो, स्वतःचं गॅरेज टाकलं, पार वाशीमपासून लोक गाड्या घेऊन माझ्याकडे येतात. पण "बरं चाललंय तुझं" एवढे तीन शब्द आबांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. एकदा फार आग्रह केला तेव्हा गॅरेजवर आले, खुर्चीवर टेकले न टेकले, "तेलाचा वास येतो," म्हणाले आणि घरी निघून गेले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. मला फार काही नको होतं. संध्याकाळी आबांनी गॅरेजवर येऊन बसावं, मी काय करतो ते बघावं, एवढंच.

तर हा ड्रेसर एके दिवशी फटफटी ढकलत गॅरेजच्या दारात आला. लहानखुरी, गोल टाकीची, ती बनवणारी कंपनी बुडून जमाना झालेली. कुठल्याशा गोठ्यात गाईला पट्टी बांधायला गेला होता. तिथं कोपऱ्यात ही उभी, आणि हँडलवर कोंबड्या बसलेल्या. मालक म्हणाला, "न्या. कोंबड्यांची सोय मी दुसरीकडं करतो."

मी किक दाबून पाहिली. जाम. पिस्टन सिलेंडरला धरून बसलेला, क्रँक गंजलेला, सामान तर कुठंच मिळायचं नाही. म्हणालो, "डॉक्टर, इंजिन मेलंय. भंगारात घाला."

त्यानं टाकीवर हात ठेवला. "मला काय कळतंय? पण इंजिन मेलं असंल तर दुसरं बसवू की."

"म्हातारीला तरण्या पोरीचं काळीज बसवता का?" मी म्हणालो. गॅरेजमधली गिऱ्हाइकं खो खो हसली. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. ज्याच्यावर हसावं तोच हसायला लागला की हसण्यातली मजा जाते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो हिंगोलीहून एसटीनं आला तो पोत्यात इंजिन घेऊन. अपघातात चेपलेल्या कुठल्याशा गाडीचं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पोत्यात?" हा म्हणाला, "काळीज हाय." कंडक्टरनं काळजाचं लगेज फाडलं. ही गोष्ट नाक्यावर दोन दिवस फिरली, आणि माझ्याच विनोदावर लोक त्याला दाद देत होते.

मोबाइलवर व्हिडिओ बघून तो कामाला लागला. व्हिडिओ कुठल्या तरी परमुलखातले, बोलणं एक अक्षर समजायचं नाही. "बोलणं न्हाई कळलं तरी हात दिसतात की," म्हणायचा. पण नवं इंजिन थोराड, फटफटीचा सांगाडा नाजूक. ते कुठं टेकेल, कुठं लोखंडी पट्टी लागेल, कुठलं भोक कुठं येईल, हे बघायला इंजिन पुन्हा पुन्हा उचलून आत धरावं लागायचं. पहिल्याच दिवशी त्याची कंबर धरली. मी आमच्या दारातून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

कंबर धरून तो तसाच वाकत रस्ता ओलांडून आला आणि आमच्या ओट्याशी उभा राहिला. "आबा," म्हणाला. आबा ही आमच्या घरातली हाक, त्यानं बिनदिक्कत उचलली होती. "आबा, मला काय कळतंय, पण ह्ये इंजिन लाकडाचं असतं तर किती हलकं झालं असतं बघा."

आबांनी तंबाखू थुंकली. पडवीकडे बघितलं. मग उठले, आत गेले, आणि माळ्यावरून हत्यारांची पेटी काढताना धडाधड आवाज आला. माझी बायको घाबरून बाहेर आली, तिला वाटलं म्हातारा पडला.

आबांनी बाभळीच्या ओंडक्यातून इंजिन घडवलं. खऱ्या इंजिनाला दोरी लावून मापं घेतली, वाकसानं तासलं, गिरमिटानं भोकं पाडली. तुम्ही ते पाहायला हवं होतं. थंड हवा लागावी म्हणून सिलेंडरला पापुद्रे असतात ना, तेसुद्धा करवतीनं काढले होते. पापुद्र्यांची काही गरज नव्हती. मापाला साधा ठोकळाही चालला असता. पण आबांना ते हवे होते. हलकं बाभळीचं इंजिन सांगाड्यात धरायचं, पट्ट्यांच्या खुणा करायच्या, पुन्हा काढायचं, पुन्हा धरायचं. दोघं रोज संध्याकाळी हाच उद्योग करायचे, आणि पडवीतून आबांचा आवाज यायचा. माझ्या बापाचा आवाज एवढा मोठा आहे, हे मी विसरून गेलो होतो.

"अरे, चाकांचा आख तिरका बसला तर बैल एकाच खांद्यानं ओढतो! तसंच हाय ह्ये. मागच्या चाकाच्या रेषेत आण."

"असं का आबा?"

"असं न्हाई, येड्या! दोरी धर!"

येड्या! मला कधी येड्या म्हणाले नाहीत. येड्या म्हणायलाही माया लागते.

घरी आले की धोतराला ग्रीसचे पट्टे. मी एकदा न राहवून बोललो, "आता तेलाचा वास येत न्हाई का?"

आबा ग्रीसचे हात घासायला मोरीवर गेले. बायको मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाला काहून एवढं जळून राहिलं? म्हातारं माणूस रमलंय. दोन घास जास्त जेवून राहिले."

तेच तर. ते जास्त जेवत होते आणि माझं जेवण कमी झालं होतं.

पट्ट्यांना वेल्डिंग करायची वेळ आली. माझ्याकडे मशीन आहे. मी दोन दिवस वाट बघितली. ते दोघं पट्ट्या घेऊन माझ्या दारावरून पुढं गेले आणि ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग करून आणलं. संध्याकाळी तोच सांगायला आला, "मी म्हणलं व्हतं मिस्तरीकडं जाऊ. आबा म्हणले, त्याला गिऱ्हाइकाची गर्दी असते, तकलीफ नको." ही काळजी म्हणायची की परकेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याचा राग करावा तर तेही जमत नसे. आमची गाय अडली तेव्हा दवाखान्यातल्या साहेबांची वाट न बघता अंगात सदराही न घालता धावत आला. तिच्या कानाशी तोंड नेऊन "माय, जरा कळ काढ, माझी माय," म्हणत राहिला. वासरू सुखरूप निघालं, तर चहा न घेता निघून गेला. म्हणाला, "आधी तिला गूळ द्या." अशा माणसाचा हेवा करताना आपलीच लाज वाटते, आणि त्यामुळे हेवा कमी होतो असं मात्र मुळीच नाही.

फटफटी सुरू करायचा दिवस आला. पडवीपुढं ही गर्दी. हारही आणला होता कोणीतरी. आबा बाजेवर बसलेले, डोक्याला धुतलेला पटका. बाटलीतून पेट्रोल घातलं, त्यानं किक मारली. एकदा, दोनदा, घाम निघेस्तोवर. इंजिन नुसतं खोकून गप्प. लोक कुजबुजायला लागले. आबांचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "मिस्तरी, मला काय कळतंय? तुमी सांगा."

मी अगदी सावकाश पुढं झालो. हा क्षण मला घाईत संपवायचा नव्हता. वाकून बघितलं आणि हसूच आलं. कार्बोरेटरच्या तोंडात औषधाच्या पट्टीचा बोळा कोंबलेला! ड्रेसरच तो. उघडं भोक दिसलं की बोळा भरायचा, हा हाताचा गुण. माशी घर करू नये म्हणून भरला आणि विसरून गेला. मी तो बोळा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. हशा पिकला. मग स्क्रू फिरवून कार्बोरेटर जुळवला, चोक ओढला आणि किक मारली.

एकाच किकला सुरू. खणखणीत आवाज, थरथरणारी टाकी, पडवीचा पत्रासुद्धा वाजायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा बाजेवरून उठले. आले. हात उंच उचलला आणि त्याच्या पाठीवर असा जोरात मारला की तो पुढं कोलमडला. "शाब्बास रे माझ्या वाघा!" म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात बोळा होता.

नंतर आबा त्याच्या मागं बसून नाक्यापर्यंत चक्कर मारून आले. पासिंगचा प्रश्न होता, तेव्हा फटफटी शेतातल्या पांदीनं आणि गावातल्या गावातच फिरायची. पण त्या दिवशी ते दोघं असे निघाले की जणू वरात. माझ्या गाडीवर बसायला सांगितलं की आबांची कंबर दुखायची.

पुढं त्याची बदली झाली, डोंगरकड्याला. सामान टेम्पोत चढलं, फटफटी चढली, आबांनी स्वतः दोर आवळले. तो माझा निरोप घ्यायला आला तेव्हा मी विचारूनच टाकलं, "खरं सांगा, काय जादू केली तुमी आबांवर?"

तो खरोखरच गोंधळला. "जादू कशाची? मला काई येत न्हाई, म्हनून त्येंना सांगावं लागतं. तुमाला समदं येतं हो मिस्तरी. तुमाला काय सांगतील ते?"

म्हणजे मला काम येतं हा माझा गुन्हा. टेम्पो गेल्यावर मी बराच वेळ पाने-पकडी आपटत बसलो.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये एक लाकडी खुर्ची आणून ठेवली, प्लास्टिकची नको म्हणून. आबा आले नाहीत. ओट्यावर बसून समोरच्या बंद खोलीकडे बघत राहायचे. पेटी पुन्हा माळ्यावर गेली. जेवण पहिल्यासारखं कमी झालं, आणि मला वाटलं होतं तसं त्याचं काही सुख झालं नाही.

मग एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून, पेटी खांद्याला लावून माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले.

"डोंगरकड्याला सोड."

"काहून?"

"त्याची चेन पडून राहिली सारखी. फोन आला व्हता."

"चेनचं काम माझं हाय आबा. मी बघतो जाऊन."

"तुझं न्हाई. रेषेचं काम हाय ते, माझं हाय."

मी गॅरेजचं शटर ओढलं आणि त्यांना मागं बसवलं. पेटी दोघांच्या मध्ये. गाडी निघाली तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड, खरबरीत हात. माझ्या आठवणीत तरी असा तो पहिल्यांदाच.

हिंगोली मागं पडली. कळमनुरी गेली. दोन्ही बाजूंना हळदीची रानं होती आणि आबा बोलत होते. थांबतच नव्हते. त्याला वाकस धरायला कसा येत नव्हता, मग कसा आला. त्याच्या मायचे गुडघे दुखतात, ती तांड्यावर असते. त्याला तिखट चालत नाही, भाजी वेगळी काढावी लागते. तो पोरीला नर्स करणार आहे. मला तिखट चालतं की नाही हे आबांना ठाऊक असेल का, असं मनात आलं, पण मी विचारलं नाही. बापानं आपल्याशी असं बोलावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती. आता ते माझ्या कानाशी बोलत होते, आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता. तरी तो आवाज बंद पडू नये असं वाटत होतं. डोंगरकडा आणखी लांब असायला हवं होतं. अॅक्सिलरेटरवरची माझी मूठ कधी सैल पडली ते मलाच कळलं नाही.

खांद्यावरच्या हातानं मला हलवलं.

"काहून हळू चालवून राहिला? तो वाट बघत असंल."

"व्हय आबा," मी म्हणालो आणि गाडी पळवली.