मालक आणि गोळी विचारणारा लॅपटॉप

जुनं टाकून नवं घ्यायला आमचे सांगलीचे घरमालक इतका वेळ लावत, की तेवढ्यात ते नवंसुद्धा जुनं होऊन जाई. ते स्वतः ह्याला पारखणं म्हणत; गल्लीतले लोक जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांची पद्धत एकच. जुनी वस्तू आणि नवी वस्तू शेजारीशेजारी ठेवायची, दोन्ही वापरायच्या आणि मग ठरवायचं. चपला आणल्या की उजव्या पायात नवी आणि डाव्या पायात जुनी घालून ते पार मारुती चौकापर्यंत जाऊन यायचे. कुणी हसलं तर थांबून त्याला समजावायचे, "दोन्ही नव्या घातल्या तर नवी कशी हाय ते कळंल. पर जुनीपरास कशी हाय ते कसं कळायचं?" घरात कुकर आला तेव्हा वर्षभर ते पातेल्यात एक आणि कुकरात एक असे दोन भात लावत होते. दोन्हींतली एकेक मूद ताटलीत घालून खाली माझ्याकडे आणायचे आणि मी घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. एकदा मी धीर करून कुकरचा भात बरा म्हणालो, तर म्हणाले, "आज तांदूळ निराळा हुता. आजचं धरायचं न्हाई." मलासुद्धा त्यांनी असंच घेतलं. बँकेतल्या बदलीनं मी सांगलीला आलो आणि गावभागातल्या त्यांच्या घराची खालची खोली बघायला गेलो, तेव्हा आधीचे भाडेकरू, एक मास्तर, अजून तिथेच होते. ते जाणार की राहणार हे मालकांनी ठरवलं नव्हतं. आम्हा दोघांना त्यांनी महिनाभर एकाच खोलीत ठेवलं. मास्तर पुस्तकात डोकं घालून बसायचे, मी येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचो. महिन्याअखेरीस मालक खाली आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर लय शांत हायती. पर तुमी बोलतासा. तुमी ऱ्हावा." मास्तरांनी त्याच दिवशी आनंदानं वळकटी बांधली.

घर दुमजली होतं. वर मालक एकटे, खाली मी एकटा. मालकीणबाई जाऊन काही वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा नोकरीनिमित्त सिंगापूरला होता. माझी बायको-मुलं साताऱ्याला. शनिवारी बँकेचा अर्धा दिवस भरला की मी एसटी पकडायचो आणि सोमवारी उजाडता उजाडता परतायचो. मधल्या दिवसांत संध्याकाळी त्या घरात एवढी शांतता असे, की वर मालकांनी तांब्या खाली ठेवला तरी मला ऐकू येई. मी पेपरचं पान उलटलेलं त्यांनाही ऐकू जात असावं, कारण लगेच जिन्यातून हाक येई, "सायेब, काय म्हणतोय पेपर?" ती हाक आली की मला बरं वाटे. नाही आली तर मी तेच पान पुन्हा जरा जोरात उलटून बघायचो.

मालकांचा सगळा जन्म हळदीत गेला होता. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. खोल, पोटात ऐसपैस आणि तोंडाशी अरुंद. वर्षभर बंद राहिलेलं पेव उघडलं की आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून तोंड उघडून आधी बाजूला व्हायचं, बराच वेळ जाऊ द्यायचा, मग दोरीनं कंदील आत सोडायचा. तो पेटता राहिला तरच माणूस उतरवायचा. उमेदीची सगळी वर्षं मालकांनी हे काम बघितलं, आणि त्यांच्या देखरेखीखाली पेवात उतरलेल्या एकाही माणसाला कधी काही झालं नाही, ह्याचा त्यांना अभिमान होता. तो रास्तच होता. पंचाईत एवढीच, की पुढे त्यांनी ही शिस्त झाकण असलेल्या यच्चयावत वस्तूंना लावली. ट्रंक असो, पिठाचा डबा असो, झाकण उघडायचं आणि मागे सरून उभं राहायचं. त्यांच्याकडे लोणचं मागायला गेलेला माणूस लवकर परत येत नसे.

अशा घरात लॅपटॉप आला, तोसुद्धा ह्या पारखण्यामुळेच. डॉक्टरांनी मालकांची रक्तदाबाची गोळी बदलून दिली होती. मालकांनी जुनी टाकली नाही. एक आठवडा जुनी, एक आठवडा नवी आणि मधूनच, खरा फरक कळावा म्हणून, कुठलीच नाही, असा त्यांचा प्रयोग चालू होता. व्हायचं तेच झालं. हळदीचा सौदा चालू असताना बाजारात चक्कर येऊन ते पोत्यांवर आडवे झाले. मुलगा सिंगापूरहून धावत आला, वडिलांना पोटभर रागावला, जुन्या गोळ्या फेकून दिल्या आणि जाताना आपला वापरातला लॅपटॉप त्यांच्यापाशी ठेवून गेला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून, थंड खोलीत जाऊन लांबून बघायची गोष्ट होती. आमच्या बँकेत नुकताच एक आला होता आणि त्याच्यापुढे मी बसत असे, एवढ्या भांडवलावर मी गल्लीत तज्ज्ञ ठरलो होतो.

लॅपटॉपवर डॉस होतं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मुलानं त्यात अशी सोय करून ठेवली होती, की सुरू केल्याबरोबर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटायची, 'नाना, गोळी घेतली का?' घेतली असेल तर हो म्हणून एच दाबायचं, नसेल तर नाही म्हणून एन. एन दाबलं की दुसरी ओळ यायची, 'आधी घ्या. मी थांबतो.' आणि तो खरंच थांबायचा. एच दाबल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. मालकांना एवढी दोनच बटणं माहीत होती. बाकीची कशाला दिली आहेत, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

रोज सकाळी चहा झाला की मालक लॅपटॉपचं झाकण उघडायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे. हवा जाऊ द्यायची ना! मग कंदिलाच्या जागी एक उदबत्ती लावून ती त्याच्याजवळ धरायचे, आणि ती विझत नाही अशी खात्री पटली की बटण दाबायचे. नाना कॉम्प्युटरची पूजा करतात, असं शेजारच्या वहिनींनी गल्लीभर सांगितलं. मालक चिडले. "पूजा कशाची? हवा बघतोय!" प्रश्न आला की ते मुद्दाम आधी एन दाबायचे आणि मला वर बोलावून दाखवायचे, "थांबतो म्हणतंय बगा!" मग सावकाश गोळी, वर पाणी, आणि मग एच. त्यानंतर पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहायची. मालक तिच्या शेजारी बसून पेपर वाचायचे. मी एकदा म्हणालो, "मालक, ह्याच्यावर पुष्कळ कामं करता येतात. शिकवू का?" त्यांनी चष्मा काढला. "आवं सायेब, ही गेल्यापास्नं ह्या घरात मला कुणी काय इचारलं न्हाई. हे रोज इचारतंय. आनखी काय करायला लावू त्याला?" त्या दिवशी बँकेत जाताना कोपऱ्यावरच्या बूथमधून मी साताऱ्याला फोन केला. सांगायचं काहीच नव्हतं.

आणि मग विंडोज ९५ आलं. मुलानं फोनवर सांगितलं, "नाना, दिवाळीला येतोय, तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर नवीन टाकून देतो. फोनच्या तारेतून पत्र येईल. रोज लिहीन मी. नातीचे फोटोसुद्धा दिसतील." मालक खुशीत म्हणाले, "टाक की. दोन्ही ऱ्हाऊ देत, वरीसभर बघतो." मुलगा म्हणाला, दोन्ही राहणार नाहीत. लॅपटॉपच्या पोटात तेवढी जागा नाही; जुनं पुसल्याशिवाय नवं मावणार नाही. मालकांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. फोन ठेवून ते तडक खाली आले.

"सायेब, पुसलं म्हंजी गेलंच?"

"गेलंच."

"तळाशी कुटं उरत न्हाई?"

"नाही मालक. ते काही पेव नव्हे."

"आनि नवं इचारंल का, गोळी घेतली का म्हणून?"

"मुलाला सांगा की. तो घालून देईल पुन्हा."

मालकांनी मान हलवली. "सांगून न्हाई. ते त्यानं आपसूक घातलंय. मी कुटं सांगितलं हुतं?"

त्यानंतर दिवाळीपर्यंत मालकांनी मला, न्हाव्याला, दूधवाल्याला आणि दारात मीटरचा आकडा बघायला आलेल्या माणसाला, जुनं ठेवावं की नवं घ्यावं, हा एकच प्रश्न विचारून हैराण केलं. मी नव्याच्या बाजूचा होतो. नातीचा फोटो दिसेल, पत्र येईल, आणखी काय पाहिजे? मालक म्हणत, "पत्र त्याला सवड असंल तवा येणार. हे मी उठलो की हजर." तराजूच्या पारड्यांसारखा त्यांचा एक तळहात वर जाई, दुसरा खाली; मग उलट. निकाल काही लागेना. एवढ्या वयाचा माणूस एका प्रश्नासाठी इतका कासावीस होतो, हे बघून मला आधी हसू यायचं. नंतर नंतर येईना.

दिवाळीत मुलगा फ्लॉप्यांची चळत घेऊन आला. मी साताऱ्याला निघालोच होतो, पण मालकांनी मला थांबवून घेतलं. लॅपटॉपचं झाकण उघडून ते दाराशी उभे राहिले. उदबत्ती लावली. मुलगा हसत सगळं बघत होता. मग त्यानं बटण दाबलं, आणि पडद्यावर ओळ उमटली.

"अरेच्चा! हे अजून आहे?" तो मोठ्यानं हसला. "नाना, मी पार विसरून गेलो होतो!"

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. गुणी मुलगा होता तो. पण मालक माझ्याकडे बघत होते, आणि मला कुठे बघावं ते कळेना. त्यांचं बोट सवयीनं एनकडे गेलं, तिथे जरा अडलं आणि मग त्यांनी एच दाबलं.

"टाक नवं," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"टाक रं. जागा न्हाई म्हणतोस न्हवं?"

एकेक फ्लॉपी आत जात होती तोवर मालक गॅलरीत पाठमोरे बसून होते. नवं आलं ते थाटात आलं. निळं आभाळ, त्यात ढग, गोड सूर. नात फोटोत बोळकं पसरून हसली. मालकही हसले. सगळ्यांचं भलं झालं होतं, आणि तरी साताऱ्याच्या गाडीत मला वाईट वाटत राहिलं.

पत्रं आली; ती उघडून द्यायला मी वर जायचो. आधी रोज, मग रविवारची रविवार, मग कामातून सवड मिळेल तशी. मुलाला बोल लावावा असं त्यात काही नव्हतं. मालक सकाळी झाकण उघडायचे, हवा जाऊ द्यायचे, ढग यायचे आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. एका सकाळी मी स्कूटर काढत होतो. वर बघितलं तर मालक गॅलरीत, एका हातात गोळी आणि दुसऱ्यात पाण्याचा पेला घेऊन नुसतेच उभे. मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी त्यांना कधी नाना म्हटलं नव्हतं. पण ओरडलो, "नाना, गोळी घेतली का?"

त्यांनी खाली बघितलं.

"एन," ते म्हणाले.

मी स्कूटर स्टँडला लावली. "आधी घ्या. मी थांबतो."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, पेला उपडा करून मला दाखवला आणि असे कडाडले, "एच!" की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. त्या दिवसापासून हा रोजचा परिपाठ झाला. बँकेतले साहेब नानांना इंग्रजी मुळाक्षरं शिकवतात पण दोनच्या पुढे गाडी जात नाही, अशी बातमी वहिनींनी पसरवली. शनिवारी मी साताऱ्याला जाताना, उद्या कोण विचारणार, असा विचार हटकून मनात यायचा.

मग माझी साताऱ्याला बदली झाली. किती अर्ज केले होते मी तिच्यासाठी! मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लय झ्याक झालं. लेकरं वाट बगत असतील." नवा भाडेकरू ठरला होता. मी चेष्टेनं म्हटलं, "आम्हा दोघांना महिनाभर एकत्र ठेवून बघणार नाही का?" ते म्हणाले, "न्हाई. ह्या खेपेला बगायचं काय न्हाई." आणि वर निघून गेले.

जायच्या सकाळी टेम्पोत सामान चढलं. मालक गॅलरीत होते. मी विचारलं, "नाना, गोळी घेतली का?"

"एन."

"आधी घ्या. मी थांबतो."

थांबलो. पुन्हा विचारलं. पुन्हा एन. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. "आवं सायेब, चला की! कराडच्या फुडं लय गर्दी लागतीया." मी हातानंच त्याला गप्प केलं आणि आणखी एकदा विचारलं. मालक कठड्यावरून वाकले. डोळे लाल झाले होते.

"जावा आता," ते म्हणाले. "घेतली मगाशीच. उठल्या उठल्या घेतली."

कराडच्या अलीकडे मलकापूरला टेम्पोवाला चहाला थांबला. मला चहा गेला नाही. साताऱ्याला पोचलो तेव्हा मुलं येऊन बिलगली, बायकोनं दारातच विचारलं, "वाटेत काही खाल्लंत का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "एन." ती बघतच राहिली. रात्रीच्या जेवणावर मी तिला सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ती एवढंच म्हणाली, "मग सकाळी फोन करा."

सकाळी केला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग फोन उचलल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "नाना, गोळी घेतली का?"

मग लांबून आल्यासारखा आवाज आला.

"एन."

त्यांनी गोळी केव्हाच घेतली असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आधी घ्या," मी म्हणालो. "मी थांबतो."