आक्काचा आवाज

आमच्या गल्लीत म्हशीवाल्या आक्काचा आवाज आधी यायचा, मागून आक्का. संध्याकाळी चार म्हशी पुढं घालून ती रंकाळ्याकडून परतायची. "सरक की पावण्या! म्हशीला काय ब्रेक हाय?" एवढं ऐकलं की स्कूटरवाले निमूट भिंतीला चिकटायचे. गोठा नवऱ्याच्या नावावर होता, पण राबणं सगळं तिचं. नवरा गरीब स्वभावाचा, निम्मं बोलणं मानेनंच करायचा.

त्या आवाजाचा गल्लीतल्या बायकांना मोठा आधार होता. समोरच्या शिंपिणीचा नवरा पिऊन हात उगारायला लागला, की आक्का शेणाच्या हातानं त्याच्या दारात उभी. "भाईर ये की मर्दा! गल्लीला तोंड दाव!" पुढं बरेच दिवस तो शुद्धीत असायचा. आम्ही शाळकरी पोरी तिची नक्कल करायचो आणि मोठेपणी तिच्यासारखंच व्हायचं ठरवायचो.

मग त्या मेल्या सासू-सुनांच्या मालिका आल्या. संध्याकाळची धार आटोपली की आक्का आमच्याकडं बघायला यायची. त्यात चांगली बाई हळू बोलायची, रडायची, सगळ्यांना माफ करायची. चढ्या आवाजाची बाई हटकून वाईट, कपाळावर नागमोडी टिकली लावलेली. एके दिवशी आक्कानं आईला विचारलं, "वैनी, त्या टिकलीवालीचा आवाज माझ्यागत हाय न्हवं?" आई हसली. आक्का हसली नाही.

त्यानंतर तिचा पदर दोन्ही खांद्यांवर आला. जाताना "येतो गं" म्हणणारी आक्का "येते हं" म्हणायला लागली. धार काढतानाही ती मऊ मऊ पुटपुटायची. थोरली म्हैस पान्हा चोरायला लागली. तिला ही कुणीतरी परकीच बाई वाटत असणार.

पुढं आक्काचा नवरा गेला. पोरबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकताच दीर म्हणाला, "दादानं गोठा मला तोंडी दिलाय." धडधडीत खोटं होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. भावकी बसली. आता आक्काचं तोंड सुटणार म्हणून आम्ही दारात गर्दी केली. दीरही उंबऱ्याला लागूनच बसला होता, पळायच्या तयारीत. आक्कानं डोळ्याला पदर लावला. "भावजींना पटंल तसं करू द्यात. खरं काय ते देवाला ठावं." आणि सांगितलं तिथं सही केली.

मी आत जाऊन तिला गदागदा हलवलं. "आक्का, बोल की गं!"

"गप. भांडणारीला कोण चांगलं म्हणत न्हाय. बघ तू, एक दिस त्येच येत्यात का न्हाय पाया पडाय."

मालिकेत येतात. आमच्या गल्लीत आठवड्याच्या आत टेम्पो आला आणि म्हशी गेल्या. दुसऱ्या दिवशी आक्का नेसरीला भावाकडं निघाली, हातात एक पिशवी.

बायका निरोपाला जमल्या. शिंपीण सगळ्यांत पुढं, डोळे पुसत म्हणाली, "काय सोशिक बाई! कुणाला उलटून बोलली न्हाय कधी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्यासाठी आक्का आयुष्यभर ओरडली, त्याच ह्या बायका.

आक्काचा चेहरा मात्र उजळला होता. "ऐकलंस? सगळी चांगलं म्हणत्यात मला." हे तिनं इतक्या हळू सांगितलं, की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.