उंबऱ्याबाहेर वाजवलेली चाल

देगलूरला जुन्या बसस्टँडमागं माझं साउंडचं दुकान आहे. माईक, ॲम्प्लिफायर, बॉक्स विकतो, बिघडलेले दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात गिऱ्हाइकांशी भांडतो. हल्ली भांडणं वाढली आहेत, कारण जो तो मोबाइलवर काहीतरी बघून येतो आणि मलाच शिकवतो. निजामोद्दीनभाई त्या दिवशी तसेच आले. मोबाइलमध्ये एका सोनेरी माईकचा फोटो होता.

"अप्पा, हा पाहिजे. यासेर म्हणला, याच्यात आवाज लई साफ येतो."

यासेर त्यांचा भाचा, हैदराबादला असतो. मी म्हणालो, "साफ येतो, हाव. तुमचा येतो, शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा येतो, गल्लीतल्या बकरीचाबी येतो. फोटो बघून कुणी चप्पल घेतं का?"

एरवी ते हसले असते. त्या दिवशी त्यांनी तोंडावर रुमाल धरलेला होता. खुर्चीवर बसले आणि रुमाल बाजूला न करताच सांगायला लागले.

निजामभाई क्लॅरिनेट वाजवतात. तरुणपणापासून बँडमध्ये होते. आमच्या सीमेवरच्या गावांत मराठा, लिंगायत, मुसलमान, तेलंगी, कुणाचंही लग्न असो, पोरीला वाटे लावायच्या, म्हणजे सासरी पाठवायच्या वेळी निजामभाईच लागायचे. त्यांची एक पद्धत होती. नवरीच्या गाडीपुढे तिच्याकडे तोंड करून वाजवायचं आणि वाजवत वाजवत मागं मागं सरकत वेशीपर्यंत जायचं. डोळे मात्र खाली, क्लॅरिनेटच्या टोकावर. बँडवाल्यानं नवरीच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, असं त्यांना उस्तादानं शिकवलेलं. माझ्या रेणुकेलाही त्यांनीच वाटे लावलं. पोरगी गाडीत बसली तेव्हा मी घट्ट होतो. त्यांची चाल सुरू झाली आणि मी मांडवाच्या खांबाला धरून रडलो. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढं डीजे आले, बँड मोडला. निजामभाई मग छोट्या कार्यक्रमांत मोबाइलवर ट्रॅक लावून एकटेच वाजवू लागले. ट्रॅक म्हणजे गाण्याचा साज, ढोलकी, ऑर्गन सगळं. फक्त मुख्य वाद्य नाही. त्या रिकाम्या जागी यांची क्लॅरिनेट.

आता त्यांची स्वतःची लेक, अर्शिया, निघाली होती. सासर लातूरचं. निकाह ईदेनंतर. आणि निजामभाईंचे वरचे पुढचे दात हलायला लागले होते. साखरेच्या आजारानं हिरड्या खाल्ल्या होत्या. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं की दात आत्ताच काढा, थांबलात तर पू जबड्यात उतरेल. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं. दात गेले की पकड गेली. कवळी बसली तरी पहिल्यासारखा सूर परत येईल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

"दुनियेच्या पोरी वाटे लावल्या अप्पा," ते म्हणाले, "माझीच पोरगी मुकी जाईल. म्हणून भरून ठेवतो. त्या दिवशी लावता तर येईल."

मी सोनेरी माईकचा फोटो बंद केला. भाषणाला देतात तसला साधा, जाळीचा माईक काढला. त्याच्या अगदी समोर वाजवलं तरच तो ऐकतो, गल्लीकडे फारसं लक्ष देत नाही. सोबत मोबाइलला जोडायची एक छोटी डबी, तिच्यात माईकची वायर जाते. डबी मोबाइलवरच चालते, वेगळी वीज लागत नाही. आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. हेडफोनवर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ते न्हाई पाहिजे. बॉक्सवर ट्रॅक लावतो ना. सगळी उमर बँड पाठीमागं वाजला. कानात घालून कोण वाजवतंय?"

मी वाद घातला नाही. सामान घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्याच मनासारखं करू दिलं. पाठीमागं बॉक्स, पुढं माईक. वाजवून झाल्यावर ऐकवलं. बॉक्समधली ढोलकी माईकमध्ये शिरली होती आणि ट्रॅकमधली वेगळी वाजत होती. ढोलक्या दोन, तालाचा पत्ता नाही. मग निजामभाईंनी स्वतःच हेडफोन उचलला.

त्यातही अडचण आली. दोन्ही कान झाकले की त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, मग ते जिवाच्या आकांतानं फुंकायचे. हिरडीतून रक्त आलं. त्यांच्या बायकोनं, रजियाभाभींनी, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. शेवटी एक कान झाकला, एक उघडा ठेवला. एका कानात ढोलकी, दुसऱ्या कानात आपली क्लॅरिनेट. तेव्हा जमलं. वरातीची चाल, हळदीची, मुंजीची, सगळ्या एकामागून एक नीट भरल्या गेल्या.

मग मी बिदाईच्या चालीचा ट्रॅक लावला आणि निजामभाईंनी क्लॅरिनेट खाली ठेवली.

"घरात न्हाई वाजवत ही, अप्पा."

"म्हणजे?"

रजियाभाभी दारात आल्या. "घर में नै बजाते भाईसाब. घरात वाजवली तर घराची लेक कायमची जाते म्हणतात. यांच्या उस्तादानंसुद्धा रियाजाला कधी वाजवली न्हाई. नवरी उंबऱ्याच्या बाहेर पडली, तरच."

माझं डोकं फिरलं. उद्या सकाळी नांदेडला दात काढायचे, आणि ज्या चालीसाठी हा सगळा खटाटोप केला तीच वाजवायची नाही! मी म्हणालो, "निजामभाई, मग हे सामान कशाला घेतलं? बकरीचं रेकॉर्डिंग करायला?" कुणी हसलं नाही. मलाही माझं बोलणं आवडलं नाही. निजामभाईंना रीत मोडवत नव्हती आणि दात थांबणार नव्हते.

अर्शिया आत भाकरी थापत होती. ती हात धुऊन बाहेर आली. खुंटीवरची ओढणी घेतली, डोक्यावरून ओढली, चपला पायात घातल्या आणि उंबरा ओलांडून अंगणात उतरली. वळून म्हणाली, "अब्बा, मैं निकली. अब बजाओ."

रजियाभाभींनी पदर तोंडात धरला.

मी धडपडत उठलो. माईक, डबी, मोबाइल, सगळं उचलून दाराबाहेर ओट्यावर मांडलं. विजेची वायर ओढायची नव्हती म्हणून ते झालं. निजामभाई उंबऱ्याबाहेर आले, अंगणात उतरून ओट्यावरच्या माईककडे तोंड केलं, एक कान झाकला, डोळे खाली घातले आणि सूर लावला. अर्शिया गल्लीच्या कोपऱ्याकडे हळूहळू चालायला लागली.

मी लग्नांत हजारदा ऐकलेली चाल. अंतऱ्याला निजामभाईंचे पाय सवयीनं मागं सरकायला लागले. आयुष्यभर या चालीला ते एका जागी उभे राहिलेलेच नव्हते. हेडफोनची वायर ताणली आणि निघाली. ट्रॅक त्यांच्या कानातून गेला. ते थांबले नाहीत. ढोलकीशिवाय, स्वतःच्याच तालावर, माईकपासून लांब लांब जात शेवटपर्यंत वाजवत राहिले.

दुकानात येऊन ऐकलं. वायर निघाली तिथून पुढं ट्रॅक एकीकडे आणि क्लॅरिनेट दुसरीकडे. माझ्या धंद्याच्या हिशेबानं ते रेकॉर्डिंग फुकट गेलं होतं. मी तिथून पुढचा ट्रॅक तेवढा काढून टाकला. बाकी काही केलं नाही. आता अर्ध्यात ढोलकी थांबते, एकटी क्लॅरिनेट उरते आणि ती दूर दूर जाते. दुसऱ्या दिवशी नांदेडला निजामभाईंचे दात काढले.

ईदेनंतर निकाह झाला. अर्शिया लातूरच्या गाडीत बसली आणि मी बॉक्सवर ती चाल लावली. आणि निजामभाई गाडीपुढे येऊन उभे राहिले. हातात काही नाही, तोंडावर रुमालही नाही, गाल आत गेलेले. तिच्याकडे तोंड करून ते मागं मागं चालायला लागले. ड्रायव्हर त्यांच्या पावलानं गाडी पुढं घेत होता. कोपऱ्यापर्यंत ते तसेच गेले.

संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा ते शेजारी येऊन बसले. दात नसल्यानं शब्द सुटून जात होते.

"इतक्या नवऱ्या वाटे लावल्या अप्पा, एकीचंबी तोंड बघितलं न्हाई. डोळे खालीच असायचे. आज वाजवायचं नव्हतं." त्यांनी एक वायर उचलून माझ्या हातात दिली. "आज माझ्या पोरीचं तोंड कोपऱ्यापर्यंत बघितलं."