शिंगांचा उरलेला रंग

माझं वय बावन्न. या वयात माणसाला साखरेचा त्रास व्हावा, गुडघ्यांचा व्हावा. मला हेव्याचा झाला. तोही कुणाचा, तर आमच्याच दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या एका मुलीचा. सांगायला लाज वाटते, पण झाला तो झाला.

आम्ही मूळचे जांबे गावचे. हिंजवडी वाढत वाढत आमच्या बांधाला येऊन टेकली, तेव्हा मी वरचं रान विकलं आणि घराशेजारी चार मजले चढवले. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटलं नाही. भांडले नाहीत, भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याशी बोलणंच आटोपतं घेतलं. मी विचारायचं, "गोळी घेतली का?" ते म्हणायचे, "घेतली." त्यांनी विचारायचं, "टँकर आला का?" मी म्हणायचं, "आला." आठ वर्षं आम्हा बापलेकांचं एवढ्यावर चाललं होतं. ऐंशी पार केली तरी त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे, आणि बोलायला बसले तर पाराच्या कट्ट्यावर दुसऱ्या कुणाची डाळ शिजत नाही. फक्त माझ्यापाशी त्यांना शब्द सुचत नसत.

त्यांची जुनी सायकल मागच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी गोठा होता तिथं, वाशाला टांगलेली होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून आप्पा त्या सायकलीवरून चिंचवडला रतीब घालायला जायचे. भंगारवाल्याला मी दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा आप्पांनी त्याला फाटकातूनच परत लावला. ही मुलगी वाशीमकडची, आयटी कंपनीत कामाला. राहायला येऊन तीन महिने झाले नव्हते. एका रविवारी कपडे वाळत घालताना तिला सायकल दिसली आणि तिनं विचारलं, "आजोबा, मी हिचा रंग नीट करू का? मला आवड आहे याची." आप्पा म्हणाले, "कर की."

कर की! मला स्कूटर शिकायची परवानगी मिळायला दोन वर्षं लागली होती.

तिनं चाकं, हँडल, सीट सगळं सुटं केलं आणि नुसती फ्रेम दोन स्टुलांवर आडवी ठेवली. शनिवार-रविवार सकाळी नाकाला फडकं बांधून, शेजारी पाण्याचा मग घेऊन पॉलिश पेपरनं घासत बसायची. कारखान्यातून नवी आली तेव्हा ही सायकल काळी होती, सोनेरी रेघांची. तिथपर्यंत खरवडत जायचं, असा तिचा बेत होता. पण पहिल्याच रविवारी वरच्या हिरव्याखाली निळा लागला, निळ्याखाली लाल, लालच्या खाली चंदेरी. तिनं आप्पांना हाक मारली. आप्पांनी खुर्ची ओढली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

आमच्याकडे बैलपोळा भाद्रपदात असतो आणि त्यानंतर दहा दिवसांनी दसरा. शिंगं रंगवून डब्यात जो ऑइलपेंट उरायचा तो वाया कशाला घालवायचा, म्हणून दसऱ्याच्या पूजेआधी आप्पा तो सायकलीला फासायचे. दर साली जो असेल तो रंग, जुन्याच्या वरच. हे मलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की, प्रत्येक थराचं साल त्यांच्या ध्यानात आहे.

"ह्यो हिरवा शेवटचा. त्या साली बैल इकले," ते तिला सांगत होते. "आन ह्यो निळा बघ कसा जाड हाय. पोळा चार दिसांवर आला आन ढवळ्या गेला. एकल्याचीच शिंगं रंगवली, म्हून रंग लई उरला. दोन दोन हात मारले."

तिनं हातातला पेपर थांबवून विचारलं, "मग दुसऱ्या बैलाचं काय झालं, आजोबा?"

आप्पांनी सांगितलं. तो बैल जोडीदाराच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून कसा बसायचा, वैरणीला तोंड लावायचा नाही, मग आईनं त्याला हातानं भाकरी कशी चारली, सगळं. मी जिन्यात पाण्याच्या मोटरचं बटण धरून उभा राहून ऐकत होतो. त्या साली मी याच घरात होतो, कॉलेजला जात होतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हेही खरं. पण पोरानं विचारायचं असतं का? बापानं सांगायचं असतं.

मग तिचा बेत बदलला. काळ्यापर्यंत खरवडायचं नाही. प्रत्येक रंगाची एकेक पट्टी दिसेल अशी मोकळी करायची, आणि वरून फक्त पारदर्शक लॅकर मारून जुन्या रंगालाच चमक आणायची. मी म्हटलं, "वाकळ दिसेल ती." ती हसून म्हणाली, "काका, वाकळच तर करायचीये!" आप्पाही हसले. बोललो मी होतो, पण हसताना बघत होते तिच्याकडे.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. मी खुसपटं काढायला लागलो. थिनरचा वास येतो, पाणी सांडतं, बाकीचे भाडेकरू तक्रार करतात. तक्रार कुणीच केली नव्हती. ती मुकाट्यानं काम झाल्यावर शेड धुऊन काढायला लागली, त्यामुळं मला बोलायलाही जागा उरली नाही. आप्पा तिला रागावायचेसुद्धा. "आगं बये, येवढी दाबू नगंस! हात हलका ठिव!" ते ऐकून तर माझा नुसता जळफळाट व्हायचा. आठ वर्षांत मला त्यांनी एकदाही झापलं नव्हतं.

"येवढं पोटात दुखतंय तर तुमी बी खुर्ची घिऊन बसा की," बायको म्हणाली. एका रविवारी बसलो. आप्पा चंदेरी रंगाच्या सालापर्यंत आले होते. मला बघून थांबले आणि म्हणाले, "टँकर आला का?" मी उठलो.

दसरा जवळ आला तशी ती चार दिवसांसाठी गावी गेली, बहिणीच्या बाळाच्या बारशाला. फ्रेमची एक बाजू झाली होती, दुसरी अर्धी बाकी होती. दुसऱ्या दिवशी मी ती फ्रेम गाडीत घातली आणि पिरंगुटच्या बाजूला एका शेडमध्ये पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत भाजून रंग चढवायला, नेली. ही पोरगी चार महिने घासतेय, आपण एका दिवसात अशी चकाचक करून आणू की आप्पा बघत राहतील, असं माझ्या मनात होतं. आप्पांना विचारावं असं मनात आलं नाही. आलं असतं तरी मी विचारलं नसतं.

तिथल्या कामगारानं फ्रेम फिरवून बघितली. मधल्या आडव्या दांडीला वीतभर जागेत पिवळी कागदी टेप गुंडाळलेली होती. "सेठ, ये टेप रखना है क्या?" त्यानं विचारलं. मीच ओढून काढली. आत काही नव्हतं, नुसता झिजलेला काळा रंग होता आणि मध्ये लोखंड दिसत होतं. तिचं काहीतरी अर्धवट राहिलं असेल, असं मला वाटलं. मग ब्लास्टिंग झालं, म्हणजे वाळूचा जोरदार फवारा मारून जुना रंग उडवला. हिरवा, निळा, लाल, चंदेरी, सगळ्यांची मिळून करडी धूळ उडाली आणि दहा मिनिटांत फ्रेम नागडी झाली. वाईट वाटलं असं लिहायला बरं दिसेल, पण खोटं कशाला बोलू? मला गार वाटलं.

संध्याकाळी भट्टीतून ती काळीभोर होऊन निघाली. सकाळी आप्पा चहा पिऊन शेडमध्ये आले. काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारली.

"झाक झालीया," ते म्हणाले. "कुनाची हाय?"

"आपलीच, आप्पा."

मी चेष्टा करतोय की काय, असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तळहात आडव्या दांडीवर ठेवला आणि पुढं सरकवत नेऊन मधोमध थांबवला.

"हितं तिनं टेप लावली व्हती."

"काढली मी."

"व्हय," ते म्हणाले. हात तिथंच होता. मग म्हणाले, "तू बसायचास हितं. म्या रतीब घालून आलो का फाट्यापातुर पळत यायचास, आन हितं चढून बसायचास. तुज्या चड्डीनं घासून रंग उडाला व्हता. तेवढ्या जागंला म्या कंदीच रंग लावला न्हाई. म्हून तिला म्हनलं, बाकीचं काय करायचं ते कर, तेवढं ठिव."

मला वाटलं, आता तरी ओरडावं यांनी. काठी उगारावी. मी वाट बघत उभा राहिलो. ते खुर्चीवर जाऊन बसले आणि फाटकाकडे बघत राहिले. मला फाट्यापर्यंत पळत गेल्याचं आठवत होतं. दांडीवर बसल्याचं काही केल्या आठवेना, आणि ज्याला ते मिळालं होतं त्या पोराचाही मला हेवा वाटला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती गावाहून आली. पाठीवरची बॅगही न उतरवता सरळ शेडमध्ये गेली. आम्ही दोघं तिथंच होतो. तिनं फ्रेम या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग आप्पांकडे वळून म्हणाली, "आजोबा, हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. मी सांगणारच होतो, निदान अजून मला तसं वाटतं.

"म्याच सांगिटलं त्याला," आप्पा म्हणाले. "कितीक दिस घासत बसनार तू? दसरा आला."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात की तेवढी जागा..."

"म्हाताऱ्याची बुद्दी फिरली असं समज. जा, परवासातनं आलीस, हातपाय धू."

तिचे डोळे भरले. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, बघायचं काही कारणही नव्हतं. ती वर निघून गेली आणि आप्पा उठून घरात गेले.

चार महिने त्यांनी तिला जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. खोटं बोलले ते एवढं एकदाच, आणि ते माझ्यासाठी. जिना चढून तिला खरं काय ते सांगणं माझं काम होतं. ती अजून वरच राहते, जिन्यात भेटली की "काका" म्हणते. मी सांगितलेलं नाही. आप्पांचं बाकी सगळं तिच्याकडे आहे. हे एवढं मी तिला देणार नाही.