धानाच्या गिरणीतला काँप्युटर

मला मुंबईला जायचं होतं आणि मोठ्या बाबांना काँप्युटर समजत नव्हता. या दोन गोष्टींची गाठ त्यांनीच मारली होती.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील बिरसा गावच्या शाळेत मास्तर होते आणि आईही तिकडेच त्यांच्याजवळ असायची. मला शाळेसाठी लहानपणीच बालाघाटला मोठ्या बाबांच्या घरी आणून ठेवलं ते कायमचंच. मोठे बाबा आणि मोठी आई यांना मूल नव्हतं, पण ही गोष्ट घरात कधी कुणाच्या तोंडून निघाली नाही, कारण मी होते. वडील सुट्टीत आले आणि कुणी त्यांना काही विचारलं, तर "दादाले विचारा" म्हणून ते पेपर उघडत. तेव्हा माझ्या मुंबईचा निकालही दादांच्याच हातात होता.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. नागपूरहून मी गणितात एम.एस्सी. होऊन आले आणि मुंबईच्या एका संस्थेत काँप्युटरच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. दोन वर्षं तिथं राहायचं, शिकायचं, पुढं नोकरी. मी उड्या मारत गिरणीत गेले. किरनापूरच्या रस्त्याला आमची धानाची गिरणी होती. मोठे बाबा बाजेवर बसून एका शेतकऱ्याशी बोलत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कटंगीच्या बाजारात मले कोनी विचारलं, पोरगी तिथी काय करते, तर मी काय सांगू? पयले मले समजाव. समजलं का जाय."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. मोठे बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण डोकं असं चालायचं की इंजिनाच्या आवाजावरून पट्टा ढिला झाल्याचं त्यांना कळे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजेच्या कडेला बसले आणि सुरू झाले.

मी सांगितलं, की हे मशीन एका वेळी एकच काम करतं, पण अफाट वेगानं. त्याच्या पुढ्यात कामं घालायची ती भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहून. कार्डं वाचणारं यंत्र हळू, उत्तरं छापणारं त्याहून हळू. आता एकाची उत्तरं छापून होईपर्यंत मशीन रिकामं बसलं तर नुकसान. म्हणून तेवढ्यात ते दुसऱ्याचं काम हातात घेतं, मग तिसऱ्याचं.

"मतलब इकडं कोनी बोरा शिवून राह्यला, तवर मी दुसऱ्याचं धान टाकतो, तसं."

"हौ. आणि कुणाचं कधी घ्यायचं, कुणाला जागा द्यायची, कुणाला थांबवायचं हे जो ठरवतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी तेच शिकणार आहे."

"तो बसते कुठी?"

"तो माणूस नाही, मोठे बाबा. तोही कार्डांवर लिहिलेलं एक कामच आहे. त्याच मशीनमध्ये चालतो."

"म्हनजे गिरणीनं धान भरडाचं, आन भरडता भरडता गिरणीची देखरेखबी गिरणीनंच कराची?"

नागपूरला पुस्तकातून हे समजायला मला एक महिना लागला होता. मी खूश होऊन मान हलवली. लगेच त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, की मग सकाळी त्या देखरेख करणाऱ्याला उठवतं कोण. मी इंजिनाकडं बोट दाखवलं. वीज आली होती, पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून आमचं डिझेलचं इंजिन हँडल मारूनच सुरू व्हायचं. तसंच तिकडं एक अगदी छोटा प्रोग्राम पहिल्यांदा हातानं आत घालतात. तो मोठ्याला वाचून आत आणतो, मग मोठा सगळा कारभार हातात घेतो.

"वा," मोठे बाबा म्हणाले. मग उपरणं झटकून उठले. "पन नाही बा. मले काही समजलं नाही."

असं पंधरवडाभर चाललं. मी रोज नवीन काही काढायची. छापणाऱ्या यंत्राचं काम संपलं की ते घंटी वाजवल्यासारखी खूण कशी करतं, मग मशीन हातातलं काम टाकून तिकडं कसं बघतं आणि परत येऊन जिथं सोडलं तिथूनच कसं धरतं, हे मी सांगितलं. दोन कामं एकमेकांच्या वस्तूसाठी अडून बसली तर काय होतं, तेही सांगितलं. त्यावर त्यांनी लग्नातली गोष्ट काढली. एका आचाऱ्यानं कढई धरून ठेवली, दुसऱ्यानं झारा, दोघंही म्हणत होते आधी तू दे, आणि वरात भजी न खाता मांडवात बसली. उदाहरण इतकं नेमकं होतं की पुढं मुंबईत मी ते वर्गात सांगितलं. पण दर दिवशी शेवटी तेच: डोक्यावरचं उपरणं झटकायचं, उठायचं आणि म्हणायचं, "नाही बा, मले काही समजलं नाही."

माझा स्वभाव मुळातच तापट. हरभऱ्याच्या झाडावर मला कुणी चढवलेलं नव्हतं, तरी उतरायला मी तयार नसायची. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला समजून घ्यायचंच नाही."

ते म्हणाले, "असं कर. उद्या गिरणी तू चालव, तुह्या मशीनवानी. पाह्यलं म्हनजे समजन."

सकाळी ओळ लागली होती. बैलगाड्या होत्या, सायकलला अडकवलेले बोरे होते, डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या बायका होत्या. आमच्या गिरणीची रीत जुनी होती. बारीक, सुवासिक चिन्नोर आधी भरडायचं, तेही मशीन आतून साफ करून. जाडं धान नंतर. मोठ्या गाड्यांच्या मधेमधे टोपलीवाल्या बायकांना काढून द्यायचं. मी ही रीत बाजूला ठेवली आणि जाहीर केलं, की आज सगळ्यांचं काम एकदमच होईल. प्रत्येकाचं एक डबा धान टाकायचं, मग पुढच्याचं एक डबा, असं गोल फिरायचं. कुणालाच ताटकळत बसायला नको.

पहिला तास माझ्यावर स्तुतीची बरसात झाली. प्रत्येकाच्या पोत्यात थोडाथोडा तांदूळ पडत होता आणि जो तो समजत होता की आपला नंबर पहिला लागला. एक बाई म्हणाली, "पोरीच्या हाताले बरकत आहे." मोठे बाबा बाजेवरून बघत होते. ते जेवायला घरी निघाले तेव्हा मी त्यांच्याकडं विजयी नजरेनं पाहिलं.

अडचण मशीनच्या पोटात होती. वरून धान ओतलं आणि सगळं भरडून झालं असं वाटलं, तरी आत पसाभर राहतंच. माणूस बदलला की ते रिकामं करून घ्यावं लागतं. एरवी माणसामागं एकदाच करायचं ते काम मी दर डब्याला करत होते. दुपार झाली तरी एकाचंही धान पुरं झालं नव्हतं. ओळ कुरकुरायला लागली. बैल सोडून एकजण माझ्या अंगावर ओरडायच्या बेतात आला. तेव्हा मी वेळ वाचवायला पोट रिकामं करणं सोडून दिलं.

किरनापूरकडची एक म्हातारी टोपली घेऊन पुढं आली. तिनं आपला तांदूळ ओंजळीत घेतला, उन्हात धरला, नाकाशी नेला. "बाई, हा कोनता तांदूळ होय? मी चिन्नोर आनला होता. जावई पयल्यांदा येऊन राह्यला घरी."

तिच्या ओंजळीत लांब नाजूक दाण्यांच्या मधे जाडे लठ्ठ दाणे बसले होते. मी हातातला डबा खाली ठेवला. तेवढ्यात मोठे बाबा आले. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. त्या शांततेत सगळी ओळ आमच्याकडं बघत होती. त्यांनी म्हातारीच्या ओंजळीतले दाणे वास घेऊन पाहिले आणि म्हणाले, "माय, हे आमी ठेवून घेतो. तुले माह्या घरचा चिन्नोर देतो, बराबर मापानं. जावयाले सांग, गिरणीवाल्यानं देल्ला." मग त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि संध्याकाळच्या आत एकेकाचं धान एकेकाच्या पोत्यात घालून सगळ्यांना वाटेला लावलं.

मी घरी मागच्या ओट्यावर जाऊन बसले. मुंबई संपली, हे मला स्पष्ट दिसत होतं. ज्या पोरीला घरची गिरणी एक दिवस सांभाळता येत नाही, तिला मोठे बाबा तिकडं कशाला पाठवतील? मी रडले, आणि रडताना स्वतःवरच चिडले.

जेवायला मोठ्या आईनं त्याच तांदळाचा भात केला होता. चिन्नोरचा पार गाळ झाला होता आणि जाडा दाणा दाताखाली कटकट वाजत होता. "आज तुह्या काँप्युटरचा भात होय," मोठी आई म्हणाली आणि वरून वरण ओतलं. मोठे बाबा भात कालवत होते. मग म्हणाले, "तिकडं मशीनीत असं मिसळते का?"

"मिसळतं. एकाचे आकडे दुसऱ्याच्या हिशेबात गेले तर सगळंच खोटं येतं."

"मग काम मधात थांबवलं तर हातातलं आधी काढून ठेवत असन."

"हौ. ज्याचं त्याच्या कप्प्यात. मग पुढच्याचं घेतं."

"आन त्या काढाठेवीतच वेळ जाते. तुनं डबा लहान घेतला, म्हनून दिवस साफसफाईत गेला. डबा लहान नाही पाह्यजे, मोठाबी नाही पाह्यजे."

"हौ."

"आन कोनी दुसऱ्याच्या कप्प्यात हात घातला तर?"

"मशीन त्याचं काम तिथंच थांबवतं." मी घास खाली ठेवला. "समजलं ना तुम्हाला?"

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "नाही बा."

आता मात्र माझा तोल गेला. जाऊ द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, असं मी ताटावरून बोलले. त्यांच्यापुढं आवाज चढवायची घरात कुणाची छाती नव्हती.

मोठी आई भात वाढता वाढता थांबली. "काहून ओरडतेस त्यायच्यावर? यायले पयल्याच हप्त्यात समजलं. परवा कटंगीच्या बाजारात धान्यवाल्याले अर्धा घंटा सांगून राह्यले होते, त्या देखरेखवाल्याचं, हँडल माराचं, सारं. धान्यवाला कटाळून गेला."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते भातातला एक जाडा दाणा बोटानं बाजूला सारत होते.

"समजलं म्हनलं का तू गेली," ते म्हणाले. "मंग दुपारी त्या बाजेवर मी कोनासंग बोलू?"

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, मी नाही जात. त्यावर मात्र ते खरंच रागावले आणि म्हणाले, की गोंदियापर्यंत छोट्या रुळाच्या रेल्वेनं ते स्वतः येतील, पुढं मुंबईच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवून देतील, आणि यावर आता कुणी काही बोलायचं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मी गिरणीत गेले आणि बाजेच्या कडेला बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं: एका वेळी एकच काम करणारं मशीन, हळू छापणारं यंत्र, ज्याचं त्याच्या कप्प्यात. त्यांना सगळं येत होतं आणि ते मला माहीत होतं. या खेपेला त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही, फक्त ऐकत राहिले.