नानांचा नंबर

रघुनाथ नाना सॅक्सोफोन तोंडाला लावण्याआधी कानाशी नेऊन हलवायचे. आत पाणी राहिलंय का ते बघतो, असं ते सांगत. मला मात्र वाटायचं, आज वाजायची इच्छा आहे का, हे ते त्यालाच विचारताहेत.

धुळ्याला देवपुरात एका बँड पार्टीच्या दुकानात, लाल जरीच्या डगल्यांच्या रांगेखाली, नाना रविवारी सकाळी जाझ शिकवत. लग्नसराईत मात्र सुट्टी. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचे, तिथून हे खूळ सोबत घेऊन आले होते. दाराशी पाटी होती : 'जाझ. येत असो, नसो, कोणीही यावे.' ही पाटी वाचून आलेली निम्मी माणसं चुकून आलेली. विमलअक्का तर टाळ घेऊनच आल्या. पेंटरने 'झांज' लिहिताना घोळ घातला, अशी त्यांची समजूत. भजनाचा वर्ग म्हणून त्या सतरंजीवर ठाण मांडून बसल्या आणि चूक कळल्यावर उठायला लागल्या.

"बसा अक्का," नाना अहिराणीत म्हणाले. "टाळ शे, ताल शे, आखो काय पाह्यजे?"

अक्का बसल्या त्या कायमच्याच.

मी नरडाण्याच्या कारखान्यात शिफ्टवाला. कॉलेजातला माउथ ऑर्गन तेवढा जवळ होता. पहिल्यांदा गेलो तो रात्रपाळी उतरून, डोळ्यांत चुरचुर घेऊन. एकेकाने वाजवायची फेरी माझ्यापर्यंत आल्यावर म्हणालो, "नाना, आज नको. फार थकलोय."

"थकेल शे ना? मंग थकेलच वाजाड."

वाजवलं. ते वाजवणं कसलं, कण्हणंच होतं. नाना डोळे मिटून ऐकत राहिले. घरी, कामावर, सगळीकडे आपण ताजेतवाने असल्याचं सोंग करावं लागतं. इथे ते लागत नव्हतं. मी जात राहिलो तो एवढ्यासाठीच.

नानांचा नियम एकच आणि त्यापायी ते भलते हट्टी. सगळ्यांनी मिळून चाल धरायची, मग एकेकाचा नंबर. कोणी बुजून गप्प बसला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. अक्कांचा टाळ चालू राहायचा आणि ती रिकामी जागा सगळे मिळून सांभाळायचे. एकदा एक ट्रम्पेटवाला अशा जागेत घुसला, तर नाना त्या बुजलेल्याकडे बोट दाखवत कडाडले, "थांब! तो शे ना तठे. वाजाडत नही, पन शे!"

मागच्या उन्हाळ्यात नानांच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय धड राहिले, पण ओठांची एक बाजू लोंबली आणि फुंक तिथून निसटायला लागली. वाजवणाऱ्याचे ओठच गेले, आता काय उरलं? सॅक्सोफोन पेटीत गेला. वर्ग बंद, असा निरोप आला. आम्ही तरीही रविवारी गेलो आणि अक्कांनी घरी जाऊन नानांना जवळजवळ ओढूनच आणलं.

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत रुमाल तोंडाला धरून बसले. आमच्याकडे बघतही नव्हते. चाल सुरू झाली. फेरी फिरत त्यांच्यापाशी आली.

"माले सोडी द्या," ते जड जिभेने म्हणाले. "फुडे चाला."

माझा नंबर त्यांच्यानंतरचा. माउथ ऑर्गन तोंडाशी नेला, पण फुंकवेना. अक्कांनी टाळ थांबवला नाही. नानांकडे न बघताच त्या म्हणाल्या, "सोडाना नही कोनी. नाना शे. वाजाडत नही, पन शे."

नुसता टाळ वाजत राहिला. थोड्या वेळाने नानांनी रुमाल खाली ठेवला आणि त्यांची बोटं मांडीवर फिरू लागली, कळांवर फिरायची तशीच. मला रडू आलं. माझा नंबर लागला तेव्हा मी काय वाजवलं, देव जाणे.

त्यानंतर नानांनी एकही रविवार चुकवला नाही. हिवाळ्यात ते गेले.

दुकान अजून रविवारी उघडतं. खुर्ची तिथेच आहे. परवा एक नवीन गृहस्थ बासरी घेऊन आले. फेरी खुर्चीपाशी आली, जागा मोकळी दिसली, तशी त्यांनी बासरी ओठाला लावली.

"थांबा!" अक्का कडाडल्या. "नाना शे तठे."

गृहस्थांनी गोंधळून बासरी खाली घेतली. आम्ही सगळे टाळ ऐकत बसलो. नानांचं झाल्यावर माझा नंबर असतो. मी थकलेलाच असतो. थकलेलंच वाजवतो.